कांचेंतला समुद्र आणि आधणाचें पाणी

पोवळें हा शब्द आपल्या घरांतून कांहीं नवा नाहीं. मंगळाचें रत्न म्हणून तें अंगठींत बसतें, नवरत्नांच्या यादींत त्याचें नांव येतें, आणि वैद्यांच्या बटव्यांत तें प्रवाळभस्म होऊन राहतें. परंतु पोवळें हें मूळचें एका प्राणिसमूहानें बांधलेलें घर आहे, आणि तो प्राणी जिवंतपणीं दगडासारखा नव्हे, तर फुलासारखा उमलतो व मिटतो, हें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलेलीं माणसें आपल्यांत फार थोडीं असतील. आमच्या घरच्या मंडळींना असल्या जिवांचा सहवास गेल्या दोन वर्षांत घडला. आणि त्याबरोबर असा एक प्रसंगही आला, कीं त्याची हकीकत या सदराच्या वाचकांना सांगितल्याशिवाय राहणें आम्हांला योग्य वाटत नाहीं. त्या प्रसंगांत चूक आमची होती, हें आरंभींच सांगून टाकतों.

आमचें घर अंबाजोगाईस आहे. कोंकणचा किनारा येथून सरळ रेषेंत मोजला तरी साडेतीनशे किलोमीटरांच्या घरांत जातो. बीड जिल्ह्यांत गोडें पाणीच दुर्मिळ. मग खाऱ्याची गोष्ट कशाला? अशा ठिकाणीं आमच्या धाकट्या बंधूंच्या चिरंजिवानें पुण्यास शिकत असतां समुद्री मत्स्यालयाचा छंद लावून घेतला, आणि शिक्षण संपवून घरीं परततांना तीन फूट लांबीची कांचेची पेटी, पंप, दिवे आणि मिठाच्या पिशव्या असा सारा संसार बरोबर आणला. माजघरांत जेथें ऊन पडत नाहीं अशा भिंतीशीं ती पेटी बसली. आमच्या मातोश्रींनीं पहिल्याच दिवशीं विचारलें, "अरे, मीठ लोणच्याला घालतात, पाण्याला कशाला?" त्यावर त्यानें आजीला शेजारीं बसवून घेतलें, एका लिटर पाण्यांत सुमारें पस्तीस ग्रॅम मीठ विरघळवून दाखविलें, आणि समुद्राचें पाणी स्थूलमानानें एवढेंच खारट असतें, असें सांगितलें. मात्र हें मीठ स्वयंपाकाचें नव्हे. त्यांत कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे द्रव्यें समुद्राच्या प्रमाणांत मिसळलेलीं असतात.

येथें कायद्याची एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. दगडी सांगाडा बांधणारीं सर्व पोवळीं, काळीं पोवळीं व समुद्रपंखे हीं २००१ सालापासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचींत आहेत. म्हणजे कायद्यानें त्यांना वाघाच्या पंक्तीस बसविलें आहे. मालवणच्या किंवा लक्षद्वीपच्या समुद्रांतून त्यांचा तुकडा उचलून आणणें हा गुन्हा होय. मुंबईच्या किनारी रस्त्याचें काम चालू असतां हाजी अली व वरळी येथील खडकांवर पोवळ्यांच्या लहान वसाहती आढळल्या, तेव्हां त्या सार्वजनिक कामासही वनखात्याची परवानगी घ्यावी लागली, आणि २०२० सालीं राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांच्या देखरेखीखालीं त्या वसाहती अलगद काढून दुसरीकडे लावण्यांत आल्या. आमच्या पुतण्याच्या पेटींत यास्तव दगडी पोवळें एकही नव्हतें. खडक कृत्रिम होता. त्यावर मऊ जातीचे जीव होते: चामड्यासारखें छत्र उभारणारें एक मऊ पोवळें, आणि सदऱ्याच्या गुंडीएवढे, रंगीत झालरीच्या फुलांसारखे दिसणारे, झोअँथिड नांवाचे पोवळ्यांच्या नात्यांतले प्राणी. हे त्या अनुसूचींत येत नाहींत. तथापि पक्की पावती व आयातीचे कागद पाहिल्यावांचून तेही कोणीं घेऊं नयेत.

पहिला फटका बसला तो उतावीळपणाचा. नव्या पेटींतील पाणी दिसावयास कितीही निर्मळ असलें तरी तें राहण्याजोगें झालेलें नसतें. माशांच्या विष्ठेपासून व उरलेल्या अन्नापासून अमोनिया उत्पन्न होतो. एका जातीचे सूक्ष्म जंतु त्याचें नायट्राइट करतात आणि दुसऱ्या जातीचे त्याचें नायट्रेट. पहिलीं दोन द्रव्यें माशांना घातक, तिसरें बरेंच सौम्य. या जंतूंची वस्ती खडकावर व वाळूंत नीट बसावयास चार ते सहा आठवडे लागतात. पुतण्यानें दहाव्या दिवशींच दोन मासे सोडले आणि चार दिवसांत ते मेले. विरजण लागण्यापूर्वींच भांडें हलवावें, तसा हा प्रकार झाला. पुढें दीड महिना पेटींत खडक आणि पाणी यांखेरीज कांहीं नव्हतें, आणि घरांतील मुलें तिला 'रिकामा समुद्र' म्हणूं लागलीं.

दुसरें संकट विकत आणलेल्या जिवांबरोबर आलें. झोअँथिड ज्या लहानशा चकतीवर चिकटविलेले होते, तिच्या खालच्या अंगास तपकिरी, अर्धपारदर्शक, हरभऱ्याएवढें एक समुद्रफूल होतें. मुलांना तें मोठें गोजिरवाणें वाटलें. त्याचें नांव एप्टेशिया. त्याच्या केंसासारख्या हातांत दंश करणाऱ्या सूक्ष्म पेशी असतात, आणि शेजारच्या प्राण्यास तें त्यांनीं सतत डंख मारीत असतें. आठपंधरा दिवसांत जवळचे झोअँथिड उमलेनासे झाले. पुतण्यानें कात्री घेऊन त्या समुद्रफुलाचे तुकडे केले, आणि येथेंच तो फसला. या प्राण्याच्या तळव्याचा कणभर तुकडा जरी खडकास चिकटून राहिला, तरी त्यापासून नवा प्राणी तयार होतो. एकाचीं पांच झालीं, पांचांचीं वीस झालीं. महिन्याभरानें मोजलीं तेव्हां चाळिसांच्या वर भरलीं. "हा तर रक्तबीज!" असें आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या. सप्तशतींतील त्या असुराच्या रक्ताचा थेंब भूमीवर पडला कीं दुसरा असुर उभा राही. येथें रक्ताच्या थेंबाऐवजीं मांसाचा कण होता, एवढाच फरक.

आतां आमचा प्रवेश होतो. जें शंकास्पद असेल तें उकळून घ्यावें, असें या सदरांतून आम्ही कित्येक वेळां सांगितलें आहे. पाणी उकळावें, दूध उकळावें, तान्ह्या मुलाची बाटली उकळावी. २०२० च्या साथींत कापडी मुखपट्ट्याही घरोघर उकळल्या गेल्या. तेव्हां आम्हीं मोठ्या आत्मविश्वासानें पुतण्यास म्हटलें, "अरे, कात्री काय चालवतोस? तो खडक बाहेर काढ, मोठ्या पातेल्यांत घाल आणि अर्धा तास चांगला खळखळून उकळ. एकही शिल्लक राहणार नाहीं." सल्ला सर्वांनाच पटला. जुनें पातेलें गॅसवर चढलें. स्वयंपाकघरांत त्या वेळीं दोघी सुना होत्या, मातोश्री खिडकीपाशीं भाजी निवडीत होत्या, आणि गंमत पाहावयास दोन लहान मुलें ओट्याला खेटून उभीं होतीं. खडकावर एप्टेशियाबरोबर झोअँथिडही दाट पसरलेले होते. "त्यांतले थोडे मेले तर मेले," असेंही आम्हीं वर सांगितलें.

पाण्याला आधण आलें. खडक बाहेर काढावयास पुतण्या माजघरांत गेला होता, तो रित्या हातानेंच धांवत आला आणि त्यानें प्रथम गॅस बंद केला. "काका, हा खडक उकळायचा नाहीं." आम्हांस थोडा रागच आला. उकळण्यास विरोध करणारा मनुष्य आम्हीं आजवर पाहिला नव्हता. त्यानें आम्हांस बाहेर बसविलें आणि वाचलेलें सारें समजावून सांगितलें. तें ऐकून आमचा राग तर गेलाच, पण हातपायही गार पडले.

हवाई द्वीपसमूहांतील माउई बेटावर हाना नांवाचें गांव आहे. त्याच्या जवळील एका खडकतळ्यांत प्राणघातक शेवाळ उगवतें, आणि भाल्याच्या टोकास तें लावलें असतां लहानशी जखमही मारक होते, अशी आख्यायिका तेथील लोकांत चालत आलेली होती. शोध घेतां तें शेवाळ नसून झोअँथिडांच्याच कुळांतील पॅलिथोआ नांवाचा प्राणी निघाला. आणि त्यापासून काढलेल्या विषाचें वृत्त मूर व शॉयर या दोघां रसायनशास्त्रज्ञांनीं १९७१ सालीं प्रसिद्ध केलें. या विषास पॅलिटॉक्सिन म्हणतात. त्याच्या एकेका रेणूंत कार्बनचे १२९ अणु असतात, आणि ज्ञात असलेल्या अत्यंत उग्र विषांत त्याची गणना होते. आपल्या शरीरांतील पेशींच्या आवरणांत सोडियम बाहेर टाकणारे व पोटॅशियम आंत घेणारे सूक्ष्म पंप अहोरात्र चालू असतात. स्नायूंचें आकुंचन व हृदयाचे ठोके त्यांच्यावर अवलंबून आहेत. हें विष त्या पंपास चिकटून त्याचें दार सताड उघडें ठेवतें. मग जें बाहेर राहावयाचें तें आंत येतें आणि जें आंत राहावयाचें तें बाहेर वाहून जातें.

आमच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. उकळत्या पाण्यानें हें विष नाश पावत नाहीं. उलट वाफेबरोबर उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांतून तें हवेंत पसरतें आणि खोलींतील प्रत्येकाच्या श्वासावाटे आंत जातें. तोंडास कडवट, धातूसारखी चव येणें, थंडी वाजून ताप येणें, खोकला, धाप, स्नायूंत वेदना, ओठ व बोटें बधिर होणें, आणि डोळे लाल होऊन चुरचुरणें, हीं त्याचीं लक्षणें होत. विष डोळ्यांत गेल्यास बुबुळावरील पडद्यास गंभीर इजा होते. त्यावर उतारा म्हणून औषध नाहीं. रुग्णालयांत लक्षणांवर उपचार करून रोग्यास सांभाळावें लागतें. अलास्कांतील अँकरेज शहरीं २०१२ ते २०१४ या काळांत मत्स्यालयांच्या दुकानांत व घरांत झोअँथिड हाताळल्यामुळें माणसें आजारी पडल्याच्या घटनांची तेथील आरोग्यखात्यानें चौकशी केली होती. इंग्लंडांतील ऑक्सफर्डशायर परगण्यांत २०१८ सालीं मत्स्यालय साफ करतांना एक सबंध कुटुंब आजारी पडलें, आणि मदतीस आलेल्या अग्निशामकांनाही रुग्णालयांत न्यावें लागलें. सर्वच झोअँथिडांत हें विष सारख्या प्रमाणांत नसतें. कित्येकांत तें नगण्य असतें. पण कोणत्यांत किती आहे हें नुसत्या रंगरूपावरून ओळखतां येत नाहीं.

उकळण्यावरील आमचा विश्वास मुळांतच चुकीचा होता काय? तसें नाहीं. उष्णतेनें जें मरतें तें जिवंत असतें. जंतु मरतात, अंडीं मरतात, एप्टेशियाही मेलीच असती. परंतु विष हें जिवंत नसतें. तें मारतां येत नाहीं, त्याचें रसायनच मोडावें लागतें. कांहीं विषें उष्णतेनें मोडतात, कांहीं मोडत नाहींत. नासलेल्या खव्यांत किंवा उघड्यावर राहिलेल्या मिठाईंत स्टॅफिलोकोकस जातीच्या जंतूंनीं विष सोडलें असेल, तर ती पुन्हां तापविल्यानें जंतु मरतात पण विष तसेंच राहतें. म्हणून 'गरम करून खाऊं' हा विचार तेथें चालत नाहीं. मराठवाड्यांत कांहीं ठिकाणीं कूपनलिकेच्या पाण्यांत फ्लोराइड असतें. तें पाणी उकळल्यानें फ्लोराइड जात नाहीं, उलट पाणी आटून त्याचें प्रमाण किंचित वाढतें. 'उकळून घ्या' असा सल्ला देतांना हा भेद आम्हीं आजवर स्पष्ट केला नव्हता. तो आज करीत आहों.

मग त्या रक्तबीजाचें काय केलें? उपाय घरांतच निघाला, आणि तो म्हणजे चुना. शुद्ध चुन्याची पुडी आणून ती थोड्या पाण्यांत दह्यासारखी दाट कालविली. पेटींतील पंप बंद केले, आणि सुई काढलेल्या लांब नळीच्या पिचकारीनें एकेका एप्टेशियाच्या तोंडावर तो लेप अलगद सोडला. चुन्याच्या दाहक क्षारतेनें प्राणी जागच्या जागीं विरघळतो; तुकडे उडत नाहींत. एका दिवशीं चारपांचांहून अधिकांना हात लावावयाचा नाहीं, कारण चुना फार झाल्यास सबंध पाण्याची क्षारता एकदम वाढून बाकीचे जीव दगावतात. चुना डोळ्यांत उडाल्यास दृष्टि जाऊं शकते, म्हणून चष्मा लावावा आणि मुलांना जवळ येऊं देऊं नये. विड्याच्या चुन्याच्या पुड्यांनाही हीच खबरदारी लागू आहे. जेथें पिचकारी पोंचत नाहीं अशा सांदीकोपऱ्यांसाठीं पुतण्यानें पेपरमिंट नांवाच्या तांबड्या पट्ट्यांच्या दोन कोळंब्या आणल्या. त्या लहान एप्टेशिया खातात. बर्गिया नांवाची एक कवचहीन समुद्री गोगलगाय तर एप्टेशियाशिवाय दुसरें कांहींच खात नाहीं आणि शत्रु संपला कीं स्वतः उपाशी मरते. ती मात्र आम्हांस मिळाली नाहीं. चार महिने हा क्रम चालला. चाळिसांचीं तीनचार उरलीं आहेत, आणि तीं कायमचीं जातील असें पुतण्या म्हणत नाहीं.

या साऱ्यावर उत्तम उपाय म्हणजे कीड आंत येऊं न देणें. क्वारंटिन हा शब्द आपल्या पणजोबांच्या पिढीनें प्लेगच्या दिवसांत चांगलाच अनुभवला होता. आतां नवा जीव घरीं आला कीं तो प्रथम वेगळ्या लहान भांड्यांत चार ते सहा आठवडे राहतो. एवढे दिवस कशाला, असें कोणी विचारील. झोअँथिड खाणाऱ्या कांहीं गोगलगाई अगदीं बारीक असतात आणि खाल्लेल्या प्राण्याचाच रंग घेतात. त्या नजरेस पडल्या नाहींत तरी त्यांचीं अंडीं कालांतरानें फुटतात. जिन्याच्या गोल वळणासारख्या शिंपल्याची दुसरी एक गोगलगाय रात्रीं बाहेर पडते. दिवसां एकदां पाहून निर्धास्त होणारा फसतो. रात्रीं विजेरी घेऊन, आणि आठवड्याआठवड्यानें, पाहावें लागतें. उलट दिसेल तो किडा मारण्याचीही घाई नको. खडकाच्या भेगांतून डोकावणाऱ्या केसाळ कृमींना पुतण्यानें आरंभीं शत्रु मानलें होतें. पण त्यांतील बहुतेक जाती उरलेलें अन्न खाऊन पेटी स्वच्छ ठेवतात. उघड्या हातानें त्यांना धरूं नये, इतकेंच, कारण त्यांचे केंस कातडींत रुततात.

ज्यांच्या घरीं अशी पेटी आहे किंवा यावयाची आहे त्यांनीं पुढील गोष्टी पाळाव्या. झोअँथिड असलेला खडक उकळूं नये, त्यावर कढत पाणी ओतूं नये, तो वाळवून खरवडूं नये आणि ब्रशानें घासूं नये. हात घालतांना रबरी हातमोजे व चष्मा वापरावा. हातावर जखम असल्यास त्या दिवशीं काम करूंच नये. खडक टाकूनच द्यावयाचा असेल तर घराबाहेर, वाऱ्याच्या जागीं, एक भाग घरगुती ब्लीचचें द्रावण व नऊ भाग पाणी यांत तो अर्ध्या तासाहून अधिक बुडवून ठेवावा. तेणेंकरून हें विष मोडतें. त्या द्रावणांत व्हिनेगर वा कोणतेंही आम्ल चुकूनही मिसळूं नये, कारण त्यापासून क्लोरीन वायु सुटतो. आणि सर्वांत अगत्याची गोष्ट म्हणजे घरीं धुण्याभांड्यास येणाऱ्या बाईंनाही हें नीट समजावून सांगावें. 'मळका दगड' म्हणून तो त्यांनीं मोरींत घेऊन गरम पाण्यानें घासला, तर त्या अपघाताचें पाप आपल्या माथीं.

अपयश यापुढेंही आलें. मे महिन्यांत पारा चाळिसांच्या वर गेला असतां एका रात्रीं सहा तास वीज नव्हती. पेटींतील पाणी सत्तावीस अंशांच्या आंत राहावयास हवें, तें एकतिसांवर गेलें. पंप बंद पडल्यानें प्राणवायूही कमी झाला. तें चामडी छत्राचें पोवळें चार दिवसांत गळून गेलें. पोवळ्यांच्या शरीरांत सूक्ष्म शैवाल राहतें आणि सूर्यप्रकाशावर अन्न करून यजमानास पुरवितें. उष्णता वाढली कीं हा संसार मोडतो, शैवाल निघून जातें आणि पोवळें पांढरें पडतें. आमच्या माजघरांत एका रात्रींत जें घडलें, तेंच समुद्रांत मोठ्या प्रमाणावर चाललें आहे. पृथ्वीवर पोवळीं एकाच काळीं सर्वत्र पांढरीं पडण्याची चौथी वेळ आली असल्याचें शास्त्रज्ञांनीं एप्रिल २०२४ मध्यें जाहीर केलें. ज्या एप्टेशियानें आम्हांस छळलें, तिच्या अंगांतही तसलेंच शैवाल राहतें; म्हणून पोवळीं कां पांढरीं पडतात हें शोधण्यास प्रयोगशाळांतून तिलाच मुद्दाम वाढवितात.

एक प्रश्न मात्र अजून आमच्या मनांत आहे. पेटीसाठीं गाळणयंत्रांतून एक लिटर शुद्ध पाणी मिळवावयास दोनतीन लिटर वायां जातें. २०१६ सालीं मांजरा धरण कोरडें पडलें आणि शेजारच्या लातुरास मिरजेहून रेल्वेनें पाणी आणावें लागलें, तें आम्हीं पाहिलें आहे. पुतण्यानें तें टाकाऊ पाणी पिंपांत साठवून फरशी पुसण्यास व मोरीस लावलें आहे, आणि ज्या वर्षीं गांवांत टँकर सुरू होईल त्या वर्षीं पेटी बंद करावयाची, असा करार आजीशीं केला आहे. करारावर दोघांच्या सह्या आहेत.

मातोश्री हल्लीं सायंकाळीं जप झाल्यावर घटकाभर पेटीपुढें बसतात. परवां त्यांनींच आम्हांस हांक मारली. खडकाच्या मागच्या अंगास, जेथें आमची नजर गेली नव्हती, तेथें हरभऱ्याएवढें तपकिरी फूल उमललेलें त्यांना दिसलें होतें. "चुना आण," एवढेंच त्या नातवास म्हणाल्या.

पुढील अंकीं उन्हाळ्यांतील पाण्याच्या सांठवणीविषयीं लिहूं.